आमच्या दारातलं 'ब्रह्मकमळ'

गेल्या जुलैमध्ये कॉलेजला दोन दिवस सुट्टी होती म्हणून घरी, राजेगावला गेले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: राजेगाव हे बालाघाट जिल्ह्यातलं, बाघ नदीच्या काठचं गाव. पूल ओलांडला की गोंदिया जिल्हा लागतो, म्हणजे महाराष्ट्र. आमच्या व्हरांड्यात एका जुन्या तेलाच्या डब्यात एक झाड आहे. मागच्या खांबाला ते सुतळीने बांधलंय, तरी त्याच्या लांब, चपट्या फांद्या चारी बाजूंनी खाली लोंबत असतात. दिवसा बघाल तर तुम्हाला काहीच वाटणार नाही. कुणीतरी झाडाला इस्त्री करून ठेवल्यासारखं दिसतं. पण पावसाळ्यात एखाद्या रात्री ते फुलतं, आणि मग सगळी गल्ली आमच्या घरी येते.

त्या रात्री पाच फुलं उमलणार होती. आईने चहाचं आधण ठेवलं. आई नर्स आहे, गावात तिला सगळे सिस्टरबाई म्हणतात. शेजारच्या काकू ताटात हळदकुंकू, निरांजन घेऊन आल्या आणि दर वर्षीप्रमाणे विचारलं, "सिस्टरबाई, वाहू का वो हळदकुंकू?" आई दर वर्षीप्रमाणे म्हणाली, "वाहा ना जी, विचारता काय." आमच्या घरात भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे, बाहेर व्हरांड्यात ब्रह्मकमळाची पूजा चालते. ह्यात काही वेगळं आहे असं लहानपणी मला कधी वाटलंच नाही.

काकूंच्या घरी शहरातून पाहुणे आले होते, तेही बघायला आले. त्यांनी मोबाइलवर फोटो काढले, मग घरात डोकावले, तसबीर पाहिली आणि हसत म्हणाले, "ब्रह्मकमळ तर पुण्यवान घरात फुलतं म्हणतात. तुमच्यात कसं काय?"

काकू लगेच म्हणाल्या, "पान मीच देल्लं होतं तिले. माझ्या हातचं आहे थे."

खरं तर विषय तिथेच संपला होता. इतकं छान उत्तर दुसरं कुठलं असणार? पण मी सेकंड इयरपासून प्रत्येक गोष्ट गुगल करणारी मुलगी. मी म्हणाले, "काका, हे ब्रह्मकमळ नाहीच आहे. खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं. हे मेक्सिकोकडचं कॅक्टस आहे. कॅक्टस! म्हणजे निवडुंग."

पाहुणे गप्प झाले. पण काकूंचा निरांजन धरलेला हातही थांबला. "निवडुंग?" त्यांनी विचारलं. पूजा केली त्यांनी, पण घाईघाईत केली, आणि चहा न घेताच गेल्या.

रात्री आई म्हणाली, "तू खरं बोललीस. पण बोललीस पाहुण्यांना आणि लागलं काकूंना."

हे वाक्य वर्षभर माझ्या डोक्यात आहे. म्हणून हा लेख.

आधी खरं काय ते सांगून टाकते. आपण महाराष्ट्रात, विदर्भात आणि आमच्या बालाघाटकडेही ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो त्याचं शास्त्रीय नाव 'एपिफायलम ऑक्सिपेटॅलम'. मूळ दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडचं. ते कॅक्टसच आहे, फक्त वाळवंटातलं नाही. दमट जंगलात ते झाडांच्या फांद्यांवर वाढतं, खोडांच्या बेचक्यात साचलेल्या पालापाचोळ्यात मुळं रोवून खाली लोंबतं. आपण ज्याला पान म्हणतो ते पान नसून चपटं झालेलं खोड असतं. त्याच्या कडेला ज्या खाचा असतात तिथून कळी येते. 'एपिफायलम' ह्या ग्रीक नावाचा अर्थच 'पानावरचं'. म्हणजे शास्त्रज्ञांनाही आधी ते पानच वाटलं. ह्यात आपण एकटे फसलो नाही.

कळी आधी खाली मान घालून असते. उमलायची वेळ आली की तिचा देठ वर वळतो, आणि ज्यांच्या घरी हे झाड आहे त्यांना कळतं की आज रात्री जागायचंय. आठ-नऊच्या सुमाराला पाकळ्या हलायला लागतात, मध्यरात्रीपर्यंत फूल पूर्ण उघडतं, वास अंगणभर होतो आणि सकाळी ते मान टाकतं. फूल पांढरं आणि वासाचं, तेही फक्त रात्री, कारण त्याच्या मूळ देशात त्याच्याकडे रात्रीचे मोठे पतंग येतात. ते वर्षातून एकदाच फुलतं असं म्हणतात, तेही खरं नाही. झाड मोठं असेल तर एका मोसमात दोन-तीनदा बहर येतो. आमच्याकडे येतो.

आणि खरं ब्रह्मकमळ? ते 'सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा'. सूर्यफुलाच्या कुळातलं, हिमालयात साडेतीन-चार हजार मीटर उंचीवर उगवणारं. ते उत्तराखंडचं राज्यफूल आहे. केदारनाथ-बद्रीनाथला वाहतात ते हे. दिसायला अगदी वेगळं असतं: कागदासारख्या पातळ, फिकट पिवळट-हिरव्या आवरणाच्या आत जांभळट फुलांचा गुच्छ. राजेगावच्या उन्हाळ्यात ते एक आठवडा टिकणार नाही.

मग प्रश्न असा की आपण हे नाव का दिलं? मी शोधायला लागले तेव्हा कळलं की असं करणारे आपण एकटे नाही. चीनमध्ये ह्याच झाडाला 'थान-ह्वा' म्हणतात. तो शब्द कुठून आला माहितीये? बौद्ध ग्रंथांतल्या 'उदुंबर' ह्या संस्कृत शब्दापासून. ग्रंथांत उदुंबराचं फूल फार दुर्मीळ, युगायुगांनी दिसणारं मानलं आहे. आपल्याकडेही कुणी खूप दिवसांनी भेटलं की 'उंबराचं फूल झालास' म्हणतात, तेच ते. म्हणजे मेक्सिकोच्या कॅक्टसला चीनने आपल्या उंबराचं नाव दिलं, आणि आपण दिलं हिमालयातल्या कमळाचं. जपानमध्ये त्याला 'चांदण्यातली सुंदरी' अशा अर्थाचं नाव आहे. श्रीलंकेत 'कडुपुल' म्हणतात आणि त्याचं नातं बुद्धाशी जोडतात. इंग्रजीत 'रात्रीची राणी' आहे, पण मराठीत रातराणी हे नाव आधीच दुसऱ्या झाडाने घेऊन ठेवलंय. एका रात्रीत येऊन सकाळी जाणारं फूल पाहिलं की माणसाला ते साधं वाटत नसावं. आपल्याजवळचं जे सगळ्यात पवित्र किंवा सगळ्यात सुंदर असेल, त्याचं नाव तो देऊन टाकतो.

हे वाचून कुणाला वाटेल, बघा, हिंदूंनी आणि बौद्धांनी कसं केलं. तर थांबा. आम्ही ख्रिस्ती लोकांनी ह्याहून वेगळं केलेलं नाही. 'ख्रिसमस कॅक्टस' तुम्ही नर्सरीत पाहिलं असेल. हेही लोंबणारं, टांगत्या कुंडीत लावतात ते, टोकाला गुलाबी किंवा लाल फुलं येतात. ते ब्राझीलमधल्या, रिओ दि जानेरोच्या आसपासच्या डोंगरांतलं आहे. त्याचा येशूच्या जन्माशी काहीही संबंध नाही. रात्री मोठ्या आणि थंड झाल्या की ते कळ्या धरतं, एवढंच. युरोप-अमेरिकेत रात्री मोठ्या होतात त्या नाताळाच्या आधी, म्हणून ते नाताळाचं झालं. ब्राझीलमध्ये ऋतू उलटे, तिथे ते मे महिन्यात फुलतं, म्हणून त्याला 'मे-फूल' म्हणतात. आम्हा कॅथलिकांसाठी मे हा पवित्र मरियेचा महिना. म्हणजे एकच झाड एका ठिकाणी येशूच्या वाढदिवसाला फुलतं आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या आईच्या महिन्यात. त्याचंच एक भावंड आहे, त्याला ईस्टर कॅक्टस म्हणतात! माझ्या मावशीने बंगळूरूहून आमच्यासाठी एक ख्रिसमस कॅक्टस आणलं होतं. आमच्या मे महिन्यात ते वाळून गेलं. नाव नाताळाचं असलं तरी आमच्या घरातला क्रूस बघून काही ते टिकलं नाही.

आणि आता ताजं उदाहरण. ड्रॅगन फ्रूट आपल्याकडे सांगली-सोलापूरकडचे शेतकरी लावतात. तेही वेलीसारखं चढणारं कॅक्टसच, मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं, आणि त्याचं फूल आपल्या 'ब्रह्मकमळा'चं मोठं भावंड शोभावं असं. जानेवारी २०२१ मध्ये गुजरातच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की ह्या फळाला आता 'कमलम' म्हणायचं, कारण ड्रॅगन म्हटलं की चीन आठवतो आणि फळाचा आकार कमळासारखा दिसतो. बघा, पुन्हा कॅक्टस आणि पुन्हा कमळ! पण इथे एक फरक आहे. आपल्या आज्यांनी, काकूंनी जे केलं ते प्रेमाने केलं. फूल आवडलं म्हणून नाव दिलं. 'कमलम'मध्ये नाव दिलं ते आधीचं नाव परकं वाटलं म्हणून.

इथे माझं पहिलं म्हणणं. चुकीचं नाव हा काही गुन्हा नाही. भाषा अशा चुकांवरच चालते. चिनी गुलाब चीनचा नाही आणि गुलाबही नाही, तो दक्षिण अमेरिकेतला आहे. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोकडचा. निशिगंध तिकडचाच. देवळाच्या अंगणातला पांढरा चाफा अमेरिका खंडातून आलेला. उद्या कुणी म्हणालं की परदेशी फुलं देवाला चालणार नाहीत, तर दसऱ्याला दाराला काय बांधणार? कुणीही म्हणत नाही, कारण झेंडूकडे आपण त्याचं मूळ गाव विचारत नाही. तो दारात असतो, बास.

पण ब्रह्मकमळाचं तसं नाही. त्या नावाबरोबर अट येते. 'पुण्यवान घरात फुलतं.' दर पावसाळ्यात पेपरात बातमी येते, अमक्यांच्या घरी ब्रह्मकमळ फुललं, इतकी फुलं आली, दर्शनाला गर्दी झाली. वाचायला छानच वाटतं. पण फूल जर पुण्याचं प्रमाणपत्र असेल, तर ज्यांच्या घरी फुलणं अपेक्षित नाही अशीही काही घरं असणार, हे ओघानेच आलं. त्या रात्री पाहुण्यांनी तेच विचारलं. ते वाईट माणूस नव्हते, त्यांनी हसतच विचारलं होतं. पण नावाने दार बंद करता येतं हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं. माझं मत असं, की चुकीचं नाव चालेल, पण त्या नावावरून कुणाच्या दारात काय शोभतं हे ठरायला लागलं, की ते नाव दुरुस्त करायलाच हवं.

दुसरं कारण हिमालयातल्या त्या खऱ्या फुलाचं. पूजेसाठी आणि औषधासाठी ते तोडलं जातं आणि कमी होत चाललंय. आपल्याला जर वाटत असेल की ब्रह्मकमळ तर प्रत्येक बाल्कनीत आहे, एक फांदी खोचली की येतं, तर ते वाचवायला हवं हे कुणाला पटेल? एकाच नावाच्या दोन फुलांपैकी एक सोपं झालं की दुसऱ्याची काळजी वाटेनाशी होते.

तिसरं कारण जरा गमतीचं. वास्तुवाले सांगतात, घरात कॅक्टस ठेवू नका, काटेरी झाडाने कलह येतो. आमच्या गल्लीत हे मानणारी दोन-तीन घरं आहेत. त्या प्रत्येक घराच्या दारात 'ब्रह्मकमळ' आहे. कलह आला असेल तर तो माझ्यामुळे आला, झाडामुळे नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग त्या रात्री तू बरोबरच बोललीस की! नाही. इथेच माझी चूक मला दिसते. पाहुण्यांनी एक नाव वापरून आम्हाला बाहेर काढायचा प्रयत्न केला. मी दुसरं नाव वापरून झाडालाच बाहेर काढलं. 'मेक्सिकोचं आहे' हे मी ज्या सुरात म्हटलं त्याचा अर्थ होता, 'तुमचं नाहीच आहे.' म्हणजे त्यांचा नियम मी मान्य केला: जे मुळात इथलं नाही ते खरं आपलं नाही. फक्त पुरावा उलटा फिरवला. आणि हा नियम मला सगळ्यात जास्त बोचायला हवा. कॉलेजात मला दोन प्रश्न कायम विचारतात. "एमपीची असून मराठी?" आणि "ख्रिश्चन असून मराठी?" पहिल्याचं उत्तर नकाशात आहे. १९५६ च्या आधी नदीचे दोन्ही काठ एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर होती. मग राज्यं नव्याने आखली, पलीकडचा काठ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. आमच्या गल्लीत पवारी, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलतात, कुणी अडखळत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी आधी इतिहास सांगून द्यायचे. आता देत नाही. घरात भांडतो ती भाषा मराठी आहे, एवढं पुरे.

म्हणून माझं मुख्य म्हणणं हे: एखादी गोष्ट आपली व्हायला तिला खोटी वंशावळ चिकटवायची गरज नसते. हे कॅक्टस हिमालयातलं आहे असं मानलं म्हणून ते आपलं झालं नाही. काकूंनी पान दिलं, आईने ते दोन-तीन दिवस सावलीत सुकवून मातीत खोचलं, उन्हाळ्यात झाडाखाली हलवलं, पाणी साचू दिलं नाही, दोन-तीन वर्षं वाट पाहिली, म्हणून ते आपलं झालं. आपल्याकडे हे झाड क्वचितच कुणी विकत आणतं. ह्या हातातून त्या हातात पान जातं. काकूंना ते त्यांच्या नणंदेने दिलं, नणंदेला गोंदियाच्या कुणीतरी. आईने पुढे किती जणींना दिलं ह्याचा हिशोब नाही. मेक्सिकोपासून राजेगावपर्यंत ते असंच आलं असणार, कुणीतरी कुणाला तरी देत देत. मला हा इतिहास ब्रह्मदेवाच्या कमळाइतकाच मोठा वाटतो.

काही जण म्हणतील, लोकांची श्रद्धा आहे, कशाला नाव काढायचं? श्रद्धेला माझी हरकत नाही. रात्री जागून एका फुलापुढे दिवा लावणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण श्रद्धा इतकी लेचीपेची नसते की झाडाचं खरं गाव कळलं तर विझेल. मूळ कळल्यावरही आपण झेंडू वाहतोच ना? पूजा राहू दे. फक्त 'पुण्यवान घरी फुलतं' हे वाक्य काढून टाकू या. त्याऐवजी म्हणू, ज्यांनी पान लावलं आणि जपलं त्यांच्या घरी फुलतं. ते खरंही आहे.

आणि आपल्या वाङ्मय मंडळाला एक विनंती. ह्या झाडाला एक चांगलं मराठी नाव हवंय. निशिगंध, रातराणी ही नावं गेली. केरळमध्ये 'निशागंधी' म्हणतात, तेही वाईट नाही, पण आपल्याकडे निशिगंधात त्याचा गोंधळ होईल. सुचत असेल तर पुढच्या अंकासाठी पाठवा. एकच अट, नावात कुठलाही देव, पर्वत किंवा पक्ष नको.

ह्या जूनमध्ये आईने व्हिडिओ कॉल केला. मागे काकू उभ्या होत्या. झाडाजवळ वाकून त्या कळ्या मोजत होत्या. त्यांनी फोन आपल्या हातात घेतला.

"वो पोरी, तुह्या निवडुंगाले सात कळ्या आल्या. ताट आणू का नोको?"

मी म्हटलं, "आणा ना जी, विचारता काय. आणि ह्या वेळी चहा घेऊन जा."